विकतचं दुखणं, जर्मन बनावटीचं

जर्मनीत, बायरॉइट गावी वाग्नर महोत्सव भरतो, तिथल्या नाट्यगृहातली खुर्ची लाकडी आहे. तिच्या बैठकीवर गादीच्या नावाखाली जो थर असतो तो फार तर दोन पोळ्यांच्या जाडीचा, आणि त्याही सकाळी डब्यात भरून दुपारी काढलेल्या. हात टेकायला दांडे नाहीत. रांग या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग, मधून वाट नाही. त्यामुळे मधोमध बसलेल्याला बाहेर पडायचं असेल तर सुटाबुटातल्या वीस-पंचवीस जर्मनांना उठून उभं राहावं लागतं, आणि ते ज्या नजरेने पाहतात ती पाहून उठलेला माणूस पुन्हा खाली बसतो. तशी उठण्याची सोयही फारशी नाही, कारण पडदा वर गेला की दारं बंद. खेळ बहुधा दुपारी चारला सुरू होतो, महिना जुलै नाहीतर ऑगस्ट असतो, सभागृहात वातानुकूलन नाही आणि अंगावर काळा कोट. संगीतकार वाग्नरच्या ‘रिंग’ या चार संध्याकाळींच्या ऑपेरा-मालिकेतला शेवटचा भाग असेल तर सुटका व्हायला रात्रीचे दहा वाजतात. अशा ठिकाणी घरून उशी न्यावी हे कोणालाही सुचेल. पण काही वर्षांपूर्वी सुरक्षेच्या कारणावरून प्रेक्षकांनी आणलेल्या उश्यांवरच बंदी आली. म्हणजे चाकू, सुरा, स्फोटकं आणि उशी! पहिल्या तिघांनी दुसऱ्याला इजा होते म्हणून ते वर्ज्य, हे समजू शकतं. उशीने स्वतःची इजा टळते, म्हणून ती वर्ज्य असावी. आणि या सगळ्याचं तिकीट चांगल्या जागेसाठी काही शे युरो.

तर हे युरो लोक नक्की कशाचे मोजतात? संगीताचे, हे उत्तर पहिल्या फटक्यात सुचतं आणि दुसऱ्या फटक्यात बाद होतं. तेच संगीत खिशातल्या फोनवर मिळतं. बायरॉइटचे पहिले प्रयोग तर बव्हेरियाचा रेडिओ थेट ऐकवतो. म्हणजे ज्याला फक्त वाग्नर हवा आहे त्याला तो आरामखुर्चीत, बनियनवर, भज्यांची बशी पोटावर ठेवून ऐकता येतो, आणि नायिका मरायला पाऊण तास घेणार असं दिसलं की मध्येच उठून भाजीला फोडणीही देता येते. ही सगळी सोय लाथाडून माणसं युरोपच्या त्या कोपऱ्यात जातात, त्या अर्थी त्यांना हवं आहे ते वेगळंच काहीतरी. माझं म्हणणं असं की, उन्हाळी संगीत महोत्सवात विकला जातो तो माल म्हणजे गैरसोय. संगीत हे तिचं निमित्त, लग्नात अक्षता असतात तसं. असा सिद्धांत मांडायला या लेखकाची पात्रता काय, असं कोणी विचारील. संगीतातली म्हणाल तर काहीच नाही, यमन आणि भूप यांतला फरक निवेदकाने सांगितल्यावरच कळतो. पण गैरसोय आणि पुण्य यांचं नातं मराठी मध्यमवर्गाला कोणी शिकवावं लागत नाही. ज्या देवळाला पायऱ्या कमी, त्या देवाचा गुण कमी, हा हिशेब आपल्या हाडात मुरलेला आहे. सिद्धांताला तेवढं भांडवल पुरेसं आहे.

पुरावे गोळा करायला महोत्सवापर्यंत पोचण्याचीही गरज नाही, ते वाटेतच मिळू लागतात. पुण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुलं जर्मन शिकत आली आहेत आणि त्या शिकवण्यांमधली आगगाडी कायम वेळेवर सुटते. पुस्तकातली बाई फलाटावर विचारते, गाडी किती वाजता? पुस्तकातला बुवा सांगतो, दहा वाजून सात मिनिटांनी. आणि ती खरोखर दहा सातला येते! या वाक्यावर विसंबून जर्मनीत उतरलेल्या माणसाला पहिला धक्का भाषेचा बसत नाही, व्याकरणाचा बसतो. कारण तिथली आगगाडी वर्तमानकाळात येतच नाही, ती कायम भविष्यकाळात असते. २०२४ साली लांब पल्ल्याच्या जर्मन गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर पोचल्या, आणि हा आकडा रेल्वेचाच आहे. त्यातही ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. आणि रद्द झालेली गाडी या हिशेबात धरतच नाहीत. जी आलीच नाही तिला उशीर झाला असं म्हणणार कसं? हे तर्कशास्त्र ऐकून आपल्याकडच्या नव्यन्यायाच्या पंडितांनीही पागोटी काढून ठेवली असती. उशिराचं कारणही जाहीर होतं, आणि ते बरेचदा असं असतं की, या गाडीला उशीर झाला कारण तिच्या आधीच्या फेरीला उशीर झाला. प्रवासी विचारतो, “मग तिला का झाला?” गार्ड शांतपणे सांगतो, “तिच्या आधीचीला झाला.” असं मागे मागे जात राहिलं तर माणूस १८३५ साली न्यूर्नबर्गहून शेजारच्या फ्युर्थला गेलेल्या पहिल्या जर्मन आगगाडीपर्यंत पोचेल. तिच्या इंजिनाला त्या सकाळी चार मिनिटं जास्त लागली असावीत, आणि तीच थकबाकी आजवर चालत आली असावी.

बरं, उशीर म्हणजे नुसतं ताटकळणं असंही नाही, त्यात व्यायाम आहे. गाडी येण्याच्या दोन मिनिटं आधी कळतं की आज डबे उलट्या क्रमाने लागले आहेत. त्यासरशी फलाटाच्या या टोकाची माणसं त्या टोकाला आणि त्या टोकाची या टोकाला धावत सुटतात, मध्यभागी दोन्ही पूर मिळतात, आणि सगळ्यांच्या सुटकेसची चाकं एकमेकांत अडकतात. तेवढ्यात दुसरी घोषणा होते की गाडी या फलाटावर नाही, समोरच्या. आता ही सगळी पळापळ जिन्यावर. म्युनिक-फ्रँकफर्टकडे स्थायिक झालेला भाचा भारतातून आलेल्या मामाला समजावतो, “मामा, मध्ये गाडी बदलायला सात मिनिटं आहेत.” मामा म्हणतात, “अरे, सात मिनिटांत आमच्या दादरला तीन लोकल जातात.” भाचा म्हणतो, “जातात ना मामा. इथे आधी एक यावी लागते.” शिवाय एक कायद्याची गंमत आहे. गाडी एक तास उशिरा पोचली तर तिकिटाचे पाव पैसे परत मिळतात, दोन तास झाले तर निम्मे. त्यामुळे बावन्न मिनिटं उशीर झालेल्या डब्यात एक विलक्षण शांतता पसरते. कोणी काही बोलत नाही, पण आणखी आठ मिनिटांसाठी सगळे मनातून नवस बोलत असतात. आणि गाडी नेमकी एकोणसाठाव्या मिनिटाला फलाटाला लागली की इतकी सुशिक्षित माणसं ज्या शब्दांत हळहळतात ते पुस्तकातल्या बाईने कधी वापरलेले नाहीत.

कोणी म्हणेल की हा रेल्वेचा नाकर्तेपणा आहे, त्याची आवड असलेला कोण? तर २०२२ च्या उन्हाळ्यात जर्मन सरकारने महिन्याला नऊ युरोंचं तिकीट काढलं. देशभर कुठेही जा, फक्त जलद गाड्या सोडून. म्हणजे अट सरळ होती, स्वस्तात हवं असेल तर हळू जा, बदलत जा, उभे राहून जा. तीन महिन्यांत अशी पाच कोटींहून जास्त तिकिटं खपली. लोकांना जलद गाड्या नको होत्या असं नव्हे, पण पाच गाड्या बदलून, बाल्टिकच्या किनाऱ्यावर उन्हाने लाल होऊन परत आल्यावर सांगायला जे मिळतं ते जलद गाडीच्या गार डब्यात मिळत नाही. बायरॉइटला तर जलद गाडी जातच नाही. न्यूर्नबर्गला उतरून डिझेलवर चालणारी छोटी गाडी पकडावी लागते, आणि अशा काही गाड्यांचे वाटेत दोन तुकडे होतात. एक तुकडा बायरॉइटला जातो, दुसरा झेक सरहद्दीकडे. काळा कोट घालून, हातात तीनशे युरोंचं तिकीट धरून चुकीच्या अर्ध्यात बसलेला रसिक खिडकीतून आपलाच अर्धा भाग दूर जाताना पाहतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो वाग्नरच्या नायकांना पाचव्या तासाला जमतो.

आता पहिला गंभीर आक्षेप. गाड्या आत्ता बिघडल्या असतील, महोत्सव मुळात संगीतासाठीच सुरू झाला ना? इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. वाग्नरने १८७२ ते १८७६ अशी चार वर्षं खपून टेकडीवर हे नाट्यगृह उभं केलं आणि ऑगस्ट १८७६ मध्ये तिथे ‘रिंग’चे पहिले प्रयोग झाले. जर्मनीचा सम्राट आला, ब्राझीलचा सम्राट आला, लिस्ट, ग्रीग, ब्रुकनर असे संगीतकार आले, तत्त्वज्ञ नीत्शेही आला, पण तो डोकेदुखीमुळे बराच वेळ गैरहजर होता. त्याच्याइतका समंजस प्रेक्षक पुन्हा झाला नाही. या सगळ्या थोरांना पुरेल एवढं जेवण मात्र त्या गावात नव्हतं. चायकोव्हस्की रशियन वर्तमानपत्रासाठी वार्तांकन करायला आला होता आणि त्याने लिहून ठेवलं आहे की त्या दिवसांत लोक वाग्नरच्या संगीतापेक्षा कटलेट आणि बटाट्यांबद्दलच अधिक तळमळीने बोलत होते. ‘स्वान लेक’ लिहिणारा माणूस पाश्चात्य संगीतातल्या एका ऐतिहासिक प्रसंगाचा साक्षीदार होतो आणि आपल्याला सांगतो बटाट्याचं! पंधरा वर्षांनी, १८९१ मध्ये, मार्क ट्वेन गेला. त्याच्या सांगण्याचा मतलब असा की तिथल्या चांगल्या खाणावळींत उत्तम जेवण मिळतं, म्हणजे दुसऱ्यांना मिळताना बघायला मिळतं. रंगमंचावरही ओढाताणच होती. राक्षसी अजगर लंडनहून तुकड्या-तुकड्यांनी मागवला होता, त्याची मान वेळेवर पोचली नाही. बायरॉइट आणि बैरुत या नावांत गल्लत होऊन ती लेबनॉनला गेली, असं सांगतात. मग बिनमानेच्या अजगराशी नायकाला लढावं लागलं. उत्सवात एवढी खोट आली की पुढचा महोत्सव व्हायला १८८२ साल उजाडलं. अन्न नाही, मान नाही, पैसे नाहीत. एवढं सगळं फसल्यावर तो महोत्सव आज दीडशे वर्षं चालला आहे. जिथे सगळं सुरळीत पार पडलं असे त्या काळातले किती कार्यक्रम आज कोणाला आठवतात?

दुसरा आक्षेप जाणकारांचा आणि म्हणून अधिक त्रासदायक. ते म्हणतात, अहो, त्या सभागृहाचा नाद ऐकला आहे का तुम्ही? जगात दुसरीकडे तसा नाही. वाद्यवृंद रंगमंचाच्या खाली, लाकडी झाकणाखाली दडवलेला, त्यामुळे सूर आधी रंगमंचावर जाऊन गायकांच्या आवाजात मिसळून मग आपल्याकडे येतो. आतलं बहुतेक सगळं लाकडाचं, आणि हो, खुर्च्यासुद्धा. गाद्या भरल्या तर त्या नाद पिऊन टाकतील. हा आक्षेप मला मान्य आहे, अगदी पुराव्यादाखल मान्य आहे. कारण झाकणाखाली जे चाललेलं असतं ते पाहा. प्रेक्षकांना दिसत नसल्यामुळे तिथले वादक टी-शर्ट आणि अर्ध्या चड्डीत बसून वाजवतात. म्हणजे त्या इमारतीत ज्यांचं संगीताशी खरोखर काही काम आहे ते सगळे हवेशीर कपड्यांत, आणि ज्यांनी पैसे मोजले ते बो लावून घामाघूम. नाद हाच हेतू असता तर प्रेक्षकांनाही चड्डीत बसू दिलं असतं, चड्डी काही नाद पीत नाही. पण प्रवेशद्वारावर तसं कोणी सुचवून बघावं! तिथली शिस्त अशी की, प्रत्येक अंकाआधी सज्जात पितळी वाद्यं घेतलेले वादक येऊन पंधरा मिनिटं आधी एकदा, दहा मिनिटं आधी दोनदा आणि पाच मिनिटं आधी तीनदा सूर देतात. आपल्याकडे नाटकाला तिसरी घंटा होते तेव्हा लोक वड्याचा शेवटचा घास घेत असतात. तिथेही मध्यंतर तासाभराचं असतं, आणि जमिनीवर लोळणारे रेशमी झगे घातलेल्या बायका एका हातात झग्याचा घोळ आणि दुसऱ्या हातात पावात घातलेलं भाजलेलं सॉसेज घेऊन टेकडीच्या हिरवळीवर उभ्या असतात. मोहरीची चटणी झग्यावर पडू नये म्हणून त्या जी एकाग्रता दाखवतात ती आत दिसली असती तर वाग्नर धन्य झाला असता.

हे म्हातारपणाचे चोचले झाले, तरुणांचं तसं नसतं, असा तिसरा आक्षेप येईल. मग उत्तरेला, हॅम्बर्गच्याही वर, वाकेनला जाऊ. तिथे १९९० साली सहा बँड आणि काही शे श्रोते यांच्यावर हेवी मेटलचा एक महोत्सव सुरू झाला. आज दोनेक हजार वस्तीच्या त्या खेड्यात दर उन्हाळ्यात पंच्याऐंशी हजार माणसं उतरतात, बहुतेक सगळी काळ्या टी-शर्टात, कवट्या रंगवलेली, आणि गावच्या आजीबाई त्यांना कॉफी आणि केक विकतात. गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाचा पितळी बँड या नरकासुरांच्या मेळ्यात हजेरी लावतो आणि नरकासुर त्यावर मनापासून नाचतात. आता बायरॉइट आणि वाकेन यांच्या संगीतात साम्य एवढंच की दोन्हीकडे शब्द कळत नाहीत. पण दुःख पुरवण्याच्या बाबतीत दोघं सख्खे भाऊ आहेत. वाकेनला खुर्चीच नाही, चिखल आहे. हे शेत आहे, गाई चरायची जागा, आणि उत्तर जर्मनीचा पाऊस कोणाच्या सुट्ट्या बघून पडत नाही. ऊन असो वा पाऊस, भेटू वाकेनला, अशी तिथली घोषणाच आहे. २०२३ साली इतका पाऊस झाला की गाड्या शेतात रुतल्या, ट्रॅक्टरने ओढून काढाव्या लागल्या, आणि आयोजकांनी पुढचा प्रवेशच थांबवून हजारो तिकीटवाल्यांना पैसे परत देण्याची तयारी दाखवून घरी पाठवलं. आता शहाण्या माणसांनी काय करावं? पैसे घ्यावेत, अंघोळ करावी आणि पुन्हा या भानगडीत पडू नये. प्रत्यक्षात पुढच्या वर्षाची तिकिटं विक्रीला निघाली ती काही तासांतच संपली. बूट वाळायच्या आत! कोकणातला शेतकरी आषाढात गुडघाभर चिखलात उभा राहून भात लावतो, त्याच्या मागे स्पीकर लावून तिकीट ठेवण्याची अक्कल आपल्याकडे कोणाला झाली नाही, याचं राहून राहून वाईट वाटतं. न्याय म्हणून हेही सांगायला हवं की, वाकेनने २०१७ मध्ये शेताखालून काही किलोमीटरची बिअरची नळयोजना टाकली. कारण टँकर आणि गाड्यांनी जमीन फार खराब व्हायची. म्हणजे सोय झाली ती बिअरची. माणसांची नाही.

ही दोन टोकं सोडून मधली उदाहरणं हवी असतील तर तीही आहेत, पण ती भराभर उरकू. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये १९८६ पासून एक महोत्सव भरतो, त्याची ख्याती अशी की अभिजात संगीत धान्याच्या कोठारांत आणि गोठ्यांतही होतं. जवळपासच्या शहरांत चांगली सभागृहं आहेत, पण तिथे शेणाचा वास नसतो. लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये, जिथे बाख १७२३ पासून मरेपर्यंत नोकरीला होता, तिथे गाणारी मुलं आणि ऑर्गन पाठीमागच्या सज्जात असतात. बाख ऐकायला जगभरातून आलेल्या श्रोत्याची अर्धी शक्ती मान वळवायची की नाही या विवंचनेत जाते, आणि मान वळवणं तिथे असभ्य समजत असतील का, या दुसऱ्या विवंचनेत उरलेली. बर्लिनमध्ये फिलहार्मोनिक वाद्यवृंद जूनच्या सुमारास वाल्डब्यूने नावाच्या रानातल्या उघड्या प्रेक्षागारात हंगामाचा समारोप करतो, वीसेक हजार लोक दगडी पायऱ्यांवर, टोपल्यांतून चीज आणि वाइन घेऊन. त्या वाद्यवृंदाचं स्वतःचं जगप्रसिद्ध, छप्पर असलेलं सभागृह त्याच शहरात आहे. पाऊस आला की छत्री उघडता येत नाही, मागच्याला दिसत नाही. मग वीस हजार माणसं प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे रेनकोट चढवतात, आणि हळुवार सुरावटीत त्या प्लास्टिकची जी सळसळ होते ती कुठल्याही स्वरलिपीत लिहिलेली नसते. शेवटी बर्लिनचं एक जुनं लोकप्रिय गाणं वाजतं आणि सगळे भिजलेले लोक शिट्ट्या मारतात. कोरड्या हंगामी सदस्यांना आयुष्यात कधी शिट्टी मारावीशी वाटलेली नाही.

पण माझ्या सिद्धांताचा हुकमाचा एक्का पुन्हा बायरॉइटमध्येच आहे. तिथलं तिकीट मिळवायला एके काळी दहा-दहा वर्षं वाट पाहावी लागे. दर वर्षी अर्ज करायचा, दर वर्षी नकार यायचा, आणि एखाद्या वर्षी अर्ज करायला विसरलात तर पहिल्यापासून सुरुवात. लोक अर्ज भरता भरता लग्न करत, मुलं होत, ती वाढत, घटस्फोट होत, आणि मग पत्र येई की तुमची दोन तिकिटं निघाली आहेत. कोणाबरोबर जायचं हा प्रश्न तेव्हा नव्याने उभा राहत असे. त्या काळात टेकडीवर रिकामी खुर्ची दिसणं हे ग्रहणाइतकं दुर्मीळ होतं. मग आयोजकांना लोकांची दया आली. तिकिटं ऑनलाइन मिळू लागली, साधी, सरळ, कार्ड घासा आणि बसा. परिणाम? २०२३ मध्ये काही प्रयोगांची तिकिटं उरली. ज्या महोत्सवाला युद्धं आणि दिवाळखोरी पुरून उरली नाहीत त्याला सोयीने धक्का दिला. त्याच वर्षी वाग्नरच्या ‘पार्सिफाल’ या ऑपेरासाठी आणखी एक सोय आणली होती, डोळ्यांवर लावायचे खास चष्मे, ज्यांतून हवेत तरंगणारी चित्रं दिसतात. पण प्रेक्षागार एकोणीसशेच्या घरातलं आणि चष्मे साधारण तीनशे तीस. या एका निर्णयात मात्र मला जुन्या बायरॉइटची पुन्हा ओळख पटली. चष्मे सगळ्यांना दिले असते तर ती करमणूक झाली असती. सहातल्या एकाला दिल्यामुळे उरलेल्या पाचांना चार तास पुरेल एवढं काहीतरी मिळालं.

तरी एक आक्षेप राहतोच, आणि तो खरा अडचणीचा आहे. लोकांना गैरसोय आवडते म्हणता, मग ते तिची तक्रार का करतात? याचं उत्तर महोत्सवात नाही, परतल्यावर बैठकीच्या खोलीत मिळतं. युरोपातून आलेल्या जोडप्याकडे शेजारी चहाला येतात. “काय मग, कसं झालं संगीत?” नवरा म्हणतो, “संगीत छान होतं.” यावर संभाषण संपतं. त्याला पुढे काहीच सुचत नाही, शेजाऱ्यालाही नाही, दोघं बिस्किटाकडे बघत बसतात. मग बायको म्हणते, “अहो, ते चिखलाचं सांगा ना.” आणि घरात वीज येते! नवरा उठून उभा राहतो, बूट कसा रुतला हे पायाने दाखवतो, बायको मध्येच दुरुस्ती करते की तो डावा नव्हे, उजवा होता, आणि बूट निघाला पण मोजा आतच राहिला. रविवारी सगळी दुकानं बंद, पाणी मिळेना, मिळालं तेव्हा बाटलीवर पंचवीस सेंट अनामत, ती परत घ्यायला रिकाम्या बाटल्या तीन शहरं पाठीवर वाहिल्या, आणि विमानतळावर त्या टाकून द्याव्या लागल्या. शेजारी मान हलवतात, “काय सांगता!” त्यांच्या डोळ्यांत स्पष्ट असूया असते. शेवटी ते विचारतात, “तिकिटं कधी निघतात म्हणालात?” तक्रार हे त्या सहलीचं पीक आहे. शेतकऱ्याने पिकाबद्दल कितीही कुरकुर केली तरी तो पेरायचं थांबत नाही.

आता राहिला तो माणूस जो खरोखर फक्त ऐकायला आणि खूश व्हायला जातो. तो असतो, हे मी नाकारत नाही, पण महोत्सव त्याचं काय करतो तेही पाहावं. १८८२ साली बायरॉइटमध्ये ‘पार्सिफाल’चे पहिले प्रयोग झाले. वाग्नरने सांगितलं की वातावरण बिघडू नये म्हणून गायकांनी मध्येच पडद्यापुढे येऊन वंदन करू नये. भक्तांनी त्याचा अर्थ लावला की टाळ्याच वाजवायच्या नाहीत. सभागृह असं चिडीचूप झालं की वाग्नर स्वतः गोंधळला, लोकांना आवडलं की नाही हेच त्याला कळेना. त्याने खुलासा करून पाहिला, तरी भक्त ऐकेनात. पहिल्या अंकानंतर टाळ्या न वाजवण्याची ती रीत पाळणारे आजही तिथे आहेत आणि ते टाळी वाजवणाऱ्याकडे रोखून बघतात. पुढच्या एका प्रयोगात दुसऱ्या अंकातल्या फुलराण्यांचं गाणं फार सुंदर झालं, तेव्हा प्रेक्षकांतून कोणीतरी न राहवून “ब्राव्हो!” असं ओरडलं. आसपासच्या लोकांनी फुस्स करून त्याला गप्प केलं. ओरडणारा वाग्नर होता.